हिरव्या कडेचा खडक

हजेरीपटावर त्यांचं जे नाव होतं, ते फक्त हजेरीपटालाच माहीत होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांच्या त्या काचताई. तेल काढणाऱ्या कंपनीच्या खडक-प्रयोगशाळेत, तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून त्यांनी सव्वीस वर्षं एकच काम केलं. दगडाची काच केली.

ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटायची, पण ते अगदी शब्दशः खरं होतं. तेलाची विहीर खोदताना जमिनीखालून खडकाचा दंडाएवढा जाड दांडा कापून वर आणतात, त्याला तिथे सगळे कोअर म्हणत. त्या कोअरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा काचताई करवतीने काढायच्या आणि निळ्या राळेत बुडवून हवा ओढून घ्यायच्या. राळ खडकातल्या बारीकातल्या बारीक पोकळीत शिरायची. मग तुकडा काचपट्टीवर चिकटवून कुरुंदाच्या भुकटीवर घासत बसायचं. आधी जाडी भुकटी, मग मधली, शेवटी पिठासारखी. घासता घासता दगड केसाहून पातळ झाला, म्हणजे त्याचा काप झाला, की त्यातून आरपार उजेड यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली मग वाळूचा कण न् कण वेगळा दिसे, आणि कणांमध्ये जिथे मोकळी जागा असेल तिथे निळा रंग. तेल राहतं ते त्या निळ्यात. बाकी लोक समजतात तसं जमिनीखाली तेलाचं तळं वगैरे नसतं.

हे घासणं त्यांच्या हातात वडिलांकडून आलेलं. वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन खुर्च्या, एक आरसा आणि पडद्यामागे भिंगं घासायचं पायाने फिरवायचं चाक. शाळेतून आल्यावर मुलगी त्या चाकावर बसायची. वडील तिला डोळे मिटायला लावत, भिंगावरून अंगठा फिरवायला सांगत आणि विचारत, कुठे जाड लागतंय? चुकली की पुन्हा. चिडणं नाही आणि शाबासकीही नाही. ती चुकेनाशी झाली तेव्हा एका गिऱ्हाइकाला त्यांनी एवढंच सांगितलं, ‘हे भिंग मुलीने केलंय. काही म्हणायचं असेल तर तिला म्हणा.’ त्या वाक्यावर ती पुढे आठवडाभर तरंगत होती.

प्रयोगशाळेत नेमणुकीच्या दिवशी सोळा जण आले होते. तेव्हाचे म्हातारे प्रयोगशाळाप्रमुख प्रत्येकाला एक काचपट्टी आणि एक दगड देऊन मोकळे झाले. खूण सोपी सांगितली होती: गारगोटीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पिवळे दिसत असतील तर काप अजून जाड आहे, राखाडी-पांढरे झाले की थांबा. बाकीचे दर दोन मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाकडे धावत होते. तरी निम्म्यांचा दगड शेवटी घासून नाहीसाच झाला आणि हातात कोरी काच उरली. ही मुलगी फक्त दोनदा उठली. एकदा पिवळा रंग बघायला आणि एकदा तो गेल्याची खात्री करायला. म्हाताऱ्यांनी तिची काच उजेडात धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता यायचं ते सांगितलं.

काम फक्त काच करायचं होतं, वाचायचं नव्हतं. वाचायला वरच्या मजल्यावर भूशास्त्रज्ञ होते. पण जाडी तपासायला म्हणून काचताईंना एक जुना, एका डोळ्याचा सूक्ष्मदर्शक दिलेला होता. समोर असा दरवाजा उघडा असताना आत डोकावायचं नाही, हे त्यांच्याच्याने झालं नसतं. काप झाला की त्या तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघायच्या आणि शाळेच्या रेघी वहीत दोन ओळी लिहायच्या. ‘कण मोठे, चुना भरलेला, निळं नाही.’ ‘कण बारीक, निळं बरं.’ शास्त्रातली नावं त्यांना येत नव्हती आणि येत नसल्याची लाजही नव्हती.

घरी नवरा आणि सासूबाई. नवरा त्याच कंपनीत पंपमिस्त्री. विहिरींवरचे पंप तपासायचे, दुरुस्त करायचे आणि कुठल्या विहिरीने दिवसाला किती पिंपं तेल दिलं ते पाटीवर लिहायचं, हे त्याचं काम. म्हणजे एकाच विहिरीचं वरचं टोक नवऱ्याच्या हातात आणि खालचं बायकोच्या. जेवताना दोघांची जुंपायची. तो म्हणायचा, माझ्या पाटीवर येतं ते खरं. त्या म्हणायच्या, तुमच्या पाटीवर काय येणार ते मला महिनाभर आधी कळलेलं असतं. सासूबाईंना या दोघांचं कौतुक वाटे, पण ते कबूल कसं करायचं? शेजारणीला त्या सांगत, ‘सून दगड घासते आणि मुलगा तेल उपसतो, आणि भांड्यांना कुणाचा हात लागत नाही.’

वरचा, मोकळा, भरपूर तेल देणारा खडक हळूहळू आटला तेव्हा कंपनीने तीन किलोमीटर खोल जायचं ठरवलं. तिथेही वाळूचाच खडक होता, पण घट्ट. काचताईंनी त्याचा पहिला काप केला तेव्हा करवतीचा आवाजच वेगळा आला. वरच्या खडकावर पाणी टाकलं की ते शोषलं जायचं. या खडकावर थेंब तसाच बसून राहिला, काचेवर बसावा तसा. यात तेल असेलही, पण ते बाहेर कुठून येणार, असं त्यांच्या मनात आलं.

पहिल्या विहिरीने त्यांना खोटं पाडलं. वाळूचा थर जेमतेम नऊ मीटर, कणही मध्यम, पण विहीर दिवसाला साठ पिंपं देऊ लागली. सगळे खूश. विभागप्रमुखांनी नकाशा मांडला. दीड किलोमीटरवर हाच थर बावीस मीटर जाड होता आणि कणही भरड होते. जाड थर, मोठे कण, मग तेलही जास्त, असा सरळ हिशोब. विभागप्रमुख मूर्ख नव्हते. तीस वर्षं त्यांनी वरच्या खडकातून याच हिशोबाने तेल काढलं होतं. दुसरी विहीर तिथे खोदली. तिने चार दिवस तेलाचा वास दाखवला आणि गप्प झाली.

तिसरी बरी निघाली, चौथी चांगली, पाचवी कोरडी. वरच्या मजल्यावर नकाशे बदलत होते, कपाळांवरच्या आठ्या वाढत होत्या. काचताईंच्या टेबलावर मात्र पाचही विहिरींचे काप एका ओळीत ठेवलेले होते. एका दुपारी त्यांनी दोन नंबरचा काप पुन्हा काढला. मोठे, देखणे कण. पण कणांमधली जागा चुन्याने अशी भरली होती की निळा रंग शोधावा लागत होता. चुना लाल रंगात बुडवला की गुलाबी होतो. त्यांनी तसा करून पाहिला, तर सगळा काप गुलाबी झाला. जिथे कण मोठे, जागा मोकळी, तिथूनच त्या काळी खालचं पाणी वाहिलं असणार, आणि पाण्याबरोबर चुनाही तिथेच येऊन बसला असणार.

पाच नंबरमध्ये चुना नव्हता. तिथे कणांनीच घात केला होता. गारगोटीच्या कणांवर गारगोटीचाच नवा थर चढून कण एकमेकांत असे रुतले होते की मध्ये सुई घालायला जागा नाही.

मग एक नंबर. तेच कण, तेवढीच खोली, मग हे कण का वाढले नाहीत? काचताईंनी दिव्याचा प्रकाश कमी केला आणि प्रत्येक कणाच्या कडेने नजर फिरवली. कणाभोवती एक हिरवी रेघ होती, बारीक, शेवाळासारखी. एका कणाला, दुसऱ्याला, बहुतेक सगळ्यांनाच. तीन नंबरमध्ये अर्ध्या कणांना होती. चार नंबरमध्ये जवळजवळ सगळ्यांना. दोन आणि पाचमध्ये औषधालाही नाही.

त्या उठल्या, खिडकीशी जाऊन पाणी प्यायल्या, परत येऊन पुन्हा पाहिलं. हिरवी रेघ होती तिथेच होती.

वरच्या मजल्यावर एक भूशास्त्रज्ञ होते. गळ्यात कायम भिंग लटकवलेलं, म्हणून त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. माणूस शांत, बोलणं मोजकं. काचताई पाचही काप घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि सरळ म्हणाल्या, ‘साहेब, हिरवी कड असली की कण वाढत नाहीत. जागा मोकळी राहते.’

भिंगवाले सूक्ष्मदर्शकावर वाकले. ते त्या हिरव्या खनिजाचं शास्त्रीय नाव पुटपुटले, आणि असं एखाद-दोन ठिकाणी वाचल्याचं म्हणाले. पण पाच कापांवरून काही ठरत नाही, आणखी काप करून मोजावं लागेल. मोजायचं म्हणजे एका कापावर तीनशे ठिकाणी थांबून तिथे काय आहे ते लिहायचं: कण, चुना, माती की निळं. वेळ नाही, असं ते म्हणतील या तयारीने काचताई गेल्या होत्या. ते म्हणाले, ‘तुम्ही सगळे मोजा, मीही सगळे मोजतो. एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत.’

अठरा दिवस दोघांनी मोजलं. दोघांचे आकडे एकमेकांशी जुळले आणि विहिरींशीही. भिंगवाल्यांनी चार पानांचं टिपण केलं, त्यावर दोघांची नावं घातली आणि विभागप्रमुखांकडे पाठवलं. विभागप्रमुखांनी त्यावर ‘रोचक’ असं लिहून ते फाइलीत लावलं.

त्याच सुमाराला चार नंबरच्या विहिरीचं तेल थोडं कमी झालं. पंचावन्नवरून पंचेचाळीस पिंपं. विभागप्रमुखांनी नेहमीचा उपाय सांगितला: आम्ल सोडा. विहिरीत आम्ल सोडलं की ते खडकातला चुना खातं, वाटा मोकळ्या होतात, तेल वाढतं. वरच्या खडकात हे त्यांनी शंभरदा तरी केलं होतं आणि शंभरदा साधलं होतं. आम्ल सोडलं. दोन दिवस तेल वाढलं. मग ते उतरत उतरत सहा पिंपांवर आलं.

चौकशी झाली आणि बोट थेट पंपमिस्त्रीकडे गेलं. आम्ल तर नेहमीचंच होतं, खडक तोच होता, म्हणजे पंपच नीट बसवला नसणार. त्याला लेखी जाब विचारला गेला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

तो कागद खिशात घेऊन नवरा घरी आला आणि जेवायला न बसता अंगणात सायकलची साखळी काढून पुसत बसला. ती साखळी स्वच्छच होती. सासूबाईंनी दोनदा हाक मारली. काचताई बाहेर आल्या, कागद वाचला, घडी करून परत त्याच्या खिशात ठेवला.

‘पंप उघडून पाहिला होता?’ त्यांनी विचारलं.

‘दोनदा. पंपाला काही धाड भरलेली नाही. झडपेत तपकिरी चिखल भरलाय, गंजलेल्या लापशीसारखा. पुसला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण ऐकतंय कोण?’

 तो चिखल काचताईंच्या ओळखीचा होता. चार-पाच महिन्यांपूर्वी एका कापावर चुन्याचा डाग राहिला म्हणून त्यांनी आम्लाचा एक थेंब टाकला होता आणि विसरून त्या दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. परत आल्या तेव्हा कापावर तपकिरी, चिकट साय धरलेली. त्यांनी स्वतःच्या धांदरटपणाला शिव्या घालून तो काप फेकून दिला होता. तो चार नंबरचाच काप होता.

‘उद्या मला त्यातला चमचाभर आणून द्या,’ त्या म्हणाल्या. ‘आणि आता उठा, जेवण निवतंय. तुमचा पंप चांगला आहे.’

‘तुला कसं माहीत?’

‘मला त्या विहिरीचं खालचं टोक माहीत आहे.’

तो उठला. हात धुताना तो आईला म्हणाला, हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. सासूबाई म्हणाल्या, शिजू दे, आपण आधी शिजलेलं खाऊ.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या बाटलीतून चिखल आला. काचताईंनी चार नंबरचा तुकडा कुटला, बरणीत घातला, वर थोडंसं आम्ल ओतलं आणि बरणी गरम तव्यावर ठेवली, कारण तीन किलोमीटर खाली खडक उकळत्या पाण्याहून तापलेला असतो. शेजारी पाच नंबरचा तुकडा, हिरवी कड नसलेला, तसाच दुसऱ्या बरणीत. पाच नंबरचं पाणी फिकट राहिलं. चार नंबरचं आधी पिवळसर झालं, दुपारपर्यंत गढुळलं आणि संध्याकाळी घरी निघायच्या आत बरणीच्या तळाशी तपकिरी लापशी बसली. नवऱ्याने आणलेला चिखल आणि ही लापशी शेजारी ठेवली तर कुठली कोणती ते सांगता आलं नसतं.

भिंगवाल्यांनी पाहिलं आणि खुर्चीत बसले. त्या हिरव्या खनिजात लोखंड असतं, ते म्हणाले. मग म्हणाले, सात नंबरवर आम्लाचे टँकर परवा जाणार आहेत. मधल्या काळात आणखी दोन विहिरी झाल्या होत्या, आणि त्यांतल्या सात नंबरचा खडक सगळाच्या सगळा हिरव्या कडेचा होता.

सात नंबरची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती. काचताई कधी बैठकीला बसलेल्या नव्हत्या. तळमजल्यावरचं माणूस वरच्या बैठकीत बसत नसे. त्या दोन बरण्या, मिस्त्रीची बाटली आणि खिशात सात नंबरचा एक तुकडा घेऊन भिंगवाल्यांच्या मागोमाग आत गेल्या. विभागप्रमुखांनी भुवई उंचावली, पण खुर्ची दाखवली.

काचताईंनी उभ्यानेच सांगितलं. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. नेहमी काप कसा करायचा ते सांगावं तसं सांगितलं. आम्ल आधी चुना खातं, ते चांगलंच. मग ते हिरवी कड खातं, आणि तिच्यातलं लोखंड पोटात घेतं. पुढे जाता जाता आम्ल दमतं, त्याचा जोर संपतो, आणि मग ते लोखंड तिथेच टाकून देतं. वरच्या खडकात वाटा रुंद होत्या, थोडी घाण राहिली तरी चालून जायची. या खडकातल्या वाटा सुईच्या नाकाहून बारीक, तिथे एवढीशी लापशीही बूच बसावं तशी बसते.

‘आणि साहेब,’ त्या शेवटी म्हणाल्या, ‘चार नंबरचा पंप नीट होता. चूक खालची आहे, वरच्या माणसाची नाही.’

 पंपमिस्त्री कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. विभागप्रमुखांनी बरण्या उचलून पाहिल्या, खाली ठेवल्या.

‘या बरणीत तुम्ही काय घातलंत ते मी पाहिलेलं नाही,’ ते म्हणाले.

‘बरोबर आहे,’ काचताई म्हणाल्या आणि खिशातला तुकडा टेबलावर ठेवला. ‘हा सात नंबरचा. कोअरच्या पेटीचा क्रमांक त्यावर आहे. तुम्ही स्वतः करा.’

विभागप्रमुख उठले. त्यांनी खालून खल, कोरी बरणी आणि आम्ल मागवलं, बाह्या सरसावल्या आणि तुकडा स्वतः कुटला. तीस वर्षांत त्यांना कुणी खल हातात घेतलेलं पाहिलं नव्हतं. एक कपची डोळ्याजवळून गेली तरी हात थांबला नाही. बरणी त्यांनी चहाच्या विजेच्या शेगडीवर, आपल्या खुर्चीमागे ठेवली आणि म्हणाले, चला, पुढचे विषय घेऊ.

पुढचे विषय झाले. जेवणाची सुटी झाली, सगळे जाऊन आले, विभागप्रमुख जागचे हलले नाहीत. बाकी कुणाचं लक्ष विषयांवर नव्हतं. जो तो डोळ्यात तेल घालून त्या बरणीकडे बघत होता. काचताई मात्र निवांत होत्या. काप घासताना कुठे थांबायचं हे जसं हाताला कळतं, तसं त्यांना कळत होतं की यायचं ते येणार. तीनच्या सुमाराला पाणी गढुळलं. चारला विभागप्रमुखांनी बरणी उचलून उजेडात तिरकी केली, आणि तळची तपकिरी लापशी सावकाश काचेवरून ओघळली.

त्यांनी बरणी खाली ठेवली. मग फोन उचलून टँकर थांबवायला सांगितलं. ‘उद्या मी तीन वर्षांचं तेल वाया घालवणार होतो,’ कुणालाच उद्देशून नसल्यासारखं ते म्हणाले. आणि मग काचताईंकडे वळून, ‘मिस्त्रींना दिलेला कागद मी परत घेतो. तो मी स्वतः जाऊन घेईन.’

ते खरंच गेले. चार नंबरवर, भर उन्हात, आपल्या चकचकीत बुटांनिशी तेलकट मातीतून चालत. पंपमिस्त्रीने तो प्रसंग घरी येऊन इतक्यांदा सांगितला की शेवटी सासूबाईंनाही तो पाठ झाला आणि शेजारणीला सांगताना त्यांनी विभागप्रमुखांच्या डोळ्यांत पाणीही आणलं. तसं काही झालं नव्हतं. त्यांनी फक्त हात पुढे केला होता, आणि मिस्त्रीने आपला काळा हात पुसायच्या आतच तो हातात घेतला होता.

चार नंबर पुन्हा पूर्वीसारखी कधीच झाली नाही. लोखंड धरून ठेवणारं सौम्य आम्ल वापरून ती वीस-बावीस पिंपांपर्यंत आणली, तेवढीच. सात नंबरला मात्र कुणी हात लावला नाही आणि ती शहाण्यासारखी देत राहिली. आठव्या विहिरीची जागा ठरवताना नकाशा बदलला. बावीस मीटरच्या जाड थरावर मारलेली खूण खोडली गेली आणि सातशे मीटर बाजूला, जिथे थर अकराच मीटरचा होता, तिथे नवी खूण आली. ती खूण भिंगवाल्यांनी काढली, पण पेन्सिल टेकवण्याआधी त्यांनी काचताईंकडे पाहिलं. आठव्या विहिरीने पहिल्या आठवड्यात नव्वद पिंपं दिली.

आता सगळं गोड झालं असं कुणाला वाटेल, तर नवव्या विहिरीने ती हौसही फेडली. तिच्या कोअरचा काप काचताईंनी केला आणि त्या हरखल्याच. इतकी हिरवी कड त्यांनी आजवर पाहिली नव्हती. शंभर तरी देईल, असं त्यांनी घरी जाहीर केलं. नवव्या विहिरीने अकरा पिंपं दिली. त्या दिवशी नवऱ्याने जेवताना पाटीचा विषय काढला नाही. 

दुसऱ्या दिवशी त्या सरळ भिंगवाल्यांकडे गेल्या. माझं चुकलं, आपण पुन्हा मोजू, असं म्हणाल्या. मोजलं. कड पातळ असेल तर ती कणाला वाढू देत नाही आणि जागा राखते. कड जाड झाली तर ती जागा स्वतःच अडवते. पोकळ्या असतात, पण एका पोकळीतून दुसरीत जायचा गळाच आवळलेला असतो. तेल आत असून बाहेर येऊ शकत नाही. वहीत त्यांनी जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली: ‘हिरवी कड हवी, पण बारीक.’ चूक सापडली याचं त्यांना समाधान वाटलं. न सापडती तर दहावी विहीरही तशीच गेली असती. दहावी गेली नाही.

त्यानंतर प्रयोगशाळेत एक नियम झाला. काप पाहिल्याशिवाय कुठल्याही विहिरीत आम्ल सोडायचं नाही, आणि काप करणाऱ्याने काय पाहिलं ते अहवालात पहिल्या पानावर लिहायचं. तळमजल्यावर दोन डोळ्यांचा नवा सूक्ष्मदर्शक आला. काचताईंनी पहिले आठ दिवस त्याला नावं ठेवली आणि मग जुना कपाटात गेला.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कंपनीने त्यांना दुसऱ्या एका तेलक्षेत्रावर पाठवलं. तिथेही घट्ट खडक होता आणि तिथलंही गणित जमत नव्हतं. प्रयोगशाळेत मोजलं की खडकाचा पाझर, म्हणजे त्यातून द्रव किती सहज वाहतो ते, चांगला येई आणि विहीर खोदली की तेल रडतरखडत येई. पंपमिस्त्रीने हक्काची रजा काढली आणि तो सामान उचलायला बरोबर गेला, म्हणजे तो तसं म्हणाला. खरं तर बायको परक्या माणसांसमोर कशी बोलते ते त्याला एकदा बघायचं होतं.

तिथल्या प्रयोगशाळेत सहा भूशास्त्रज्ञ टेबलाभोवती उभे होते. काचताईंनी पाझर मोजलेला तुकडा मागितला, त्याचा काप केला. मग कोअरच्या पेटीतून मेण लावून ओला राखलेला तुकडा मागितला. तो त्यांनी भट्टीत घातला नाही. ओलाच राळेच्या हवाली केला आणि राळेने त्यातलं पाणी हळूहळू बाहेर काढलं. त्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांनी दोन्ही काप शेजारी ठेवले. पहिल्यात कणांच्या कडा स्वच्छ, जागा मोकळ्या, निळं भरपूर. दुसऱ्यात तीच जागा, पण निळ्यातून आडवीतिडवी धूसर जाळी पसरलेली, कोळ्याने विणावी तशी.

‘मोजायच्या आधी तुम्ही तुकडे भट्टीत वाळवता का?’ त्यांनी विचारलं.

‘हो, नेहमीच,’ सहांपैकी सर्वांत ज्येष्ठ बाई म्हणाल्या.

‘ही केसाळ माती आहे. ओली असते तोवर ताठ उभी राहून वाट अडवते. भट्टीत घातली की कणाला चिकटून बसते, जशी उभ्या केसांवर टोपी दाबावी. तुम्ही मोजता ती टोपीखालची वाट. खाली जमिनीत भट्टी नाही.’

त्या बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. आधी एक काप, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. दारात उभ्या राहिलेल्या पंपमिस्त्रीने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बाई वर पाहून म्हणाल्या, आम्ही गेल्या वर्षभरात मोजलेले सगळे तुकडे पुन्हा मोजावे लागतील, तुम्ही किती दिवस थांबू शकाल?

काचताईंनी बाही वर केली आणि कुरुंदाची भुकटी कुठे ठेवता ते विचारलं.